हौसेला मोल असतं : भिवानीच्या विजेंदर सिंगची गोष्ट

बोदवडहून बोलतोय. ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. आपल्याच भागातला एक पोरगा, वय 19. कॉलेजकडून बॉक्सिंग खेळतो. त्यानं विचारलं, "दादा, घरचे म्हणतात मेडल काढ आणि स्पोर्ट्स कोट्यातून पोलीस भरतीला लाग. मित्र म्हणतात प्रोफेशनल हो, पैसा तिकडं आहे. तुम्ही इतिहास सांगता ना, मग सांगा, काय खरं?"

आता भो, मी काही कोच नाही. पण इतिहासात याचं उत्तर शोधता येतं. या दोन्ही वाटा एकाच आयुष्यात चाललेला एक माणूस आपल्या देशात आहे, त्याचं नाव विजेंदर सिंग. त्याच्याकडे ऑलिम्पिकचं मेडल होतं, पोलिसातली डीएसपीची नोकरी होती आणि प्रोफेशनल बॉक्सिंगचा पट्टाही होता. म्हणून आज त्याची गोष्ट.

आधी शब्दाचं बघू

'अमॅच्युअर' या शब्दाला मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. हौशी रंगभूमी, हौशी नट. आणि आपल्याकडे म्हण काय? हौसेला मोल नसतं. ऐकायला छान वाटतं, पण खेळात हा शब्द मुळात कुणी आणला ते बघा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या पैसेवाल्या लोकांनी. तिथल्या काही क्लबांच्या नियमात चक्क लिहिलेलं असायचं की मजूर, कारागीर, अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस 'अमॅच्युअर' धरला जाणार नाही. ज्याला पोटाची काळजी नाही तो हौशी. बाकीचे खेळून पैसे घेतात, म्हणजे ते हलके.

बॉक्सिंगचे आजचे मूळ नियम त्याच काळातले, 1867 चे. हातात ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांचा राउंड, खाली पडलेल्याला उठायला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ. मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या सरदाराच्या नावानं ते ओळखले जातात. हे 'क्वीन्सबेरी' नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे मात्र हे हौशी-व्यावसायिक प्रकरण कधी नीट बसलंच नाही. आपल्या जत्रेतली कुस्त्यांची दंगल आठवा. लहान पोरं नारळावर नाहीतर रेवड्यांवर खेळतात, मोठे पैलवान इनामावर. हलगी वाजते, इनामाचा आकडा पुकारला जातो, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. पैलवानाला खुराक लागतो, दूध-बदाम फुकट येत नाहीत, हे गावाला माहीत असतं.

हौस किती महाग पडते याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण तिथं जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, खेळले, आणि त्या पैशातून घराचं कर्ज फेडलं. म्हणजे हौशी म्हणून मेडल जिंकायचं, आणि त्या हौसेचं कर्ज इनामाच्या कुस्त्या करून फेडायचं! पुढे 1955 मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले.

ही 'मेडल, मग पोलीस' वाट तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. विजेंदर त्याच वाटेनं आला.

बस ड्रायव्हरचा पोरगा

हरियाणातल्या भिवानीजवळ काळुवास नावाचं गाव आहे. तिथं 29 ऑक्टोबर 1985 ला विजेंदरचा जन्म. वडील महिपाल सिंग हरियाणा रोडवेजमध्ये बस ड्रायव्हर. आपल्या एसटीसारखंच समजा. पोरांच्या शिक्षणासाठी ते जादा ड्युटी करायचे.

मोठा भाऊ मनोज बॉक्सिंग खेळायचा, आणि त्या खेळावर त्याला सैन्यात नोकरी लागली. हे धाकट्यानं बघितलं. आपण पुढे विजेंदरला मॅगझिनच्या कव्हरवर, रॅम्पवर बघितलं, त्यामुळे वाटतं की तो ग्लॅमरसाठी आला असेल. पण सुरुवात तशी नव्हती. घरात एकाला खेळातून नोकरी लागली, म्हणून दुसराही खेळला. आपल्याकडं भुसावळच्या रेल्वेत किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मोठा भाऊ लागला की धाकटा त्याच रस्त्याला लागतो, तसंच.

भिवानी बॉक्सिंग क्लबमध्ये जगदीश सिंग हे कोच होते. त्यांच्या हाताखाली विजेंदर घडला. या गावाला लोक 'मिनी क्युबा' म्हणतात, ते उगाच नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचे पाच बॉक्सर गेले, त्यातले चार एकट्या भिवानीचे : अखिल कुमार, जितेंदर कुमार, दिनेश कुमार आणि विजेंदर.

त्याआधी 2004 ला अथेन्समध्ये, अठराव्या वर्षी, विजेंदर पहिल्याच लढतीत हरून घरी आला होता. 2006 ला मेलबर्नच्या कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर आणि दोहाच्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळालं. मग बीजिंग.

बीजिंग, आणि एक विसरलेला माणूस

तेव्हाचं ऑलिम्पिक बॉक्सिंग कसं होतं, ते आधी समजून घ्या. दोन मिनिटांचे चार राउंड, म्हणजे सगळा खेळ आठ मिनिटांचा. डोक्याला हेडगिअर, अंगात बनियन. रिंगभोवती पाच जज, प्रत्येकापुढे बटणं. ठोसा नीट बसला असं वाटलं की बटण दाबायचं. पाचपैकी तिघांनी जवळपास एकाच क्षणी दाबलं तर एक गुण. ठोसा जोरात बसला की हळू, याला वेगळा भाव नव्हता. स्वच्छ बसला पाहिजे, जजला दिसला पाहिजे. त्यामुळे लांबून मारायचं, गुण घ्यायचा आणि सटकायचं. उंच, लांब हातांच्या विजेंदरला हा खेळ बरोबर जमला.

75 किलो गटात त्याची पहिली लढत गांबियाच्या बदू जॅकशी होती. विजेंदर 13–2 नं जिंकला. मग थायलंडच्या बॉक्सरला 13–3. 20 ऑगस्ट 2008 ला इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला 9–4 नं हरवलं आणि मेडल पक्कं झालं. सेमी-फायनलला क्युबाच्या एमिलिओ कोरियानं त्याला 8–5 नं हरवलं. ऑलिम्पिक बॉक्सिंगमधलं भारताचं हे पहिलं पदक.

पुढच्या वर्षी मिलानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ आणि जागतिक क्रमवारीत पहिला नंबर. खेलरत्न 2009 ला, पद्मश्री 2010 ला, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडचं गोल्ड. हरियाणा पोलिसात डीएसपीची नोकरीही मिळाली. बस ड्रायव्हरच्या घरात डीएसपी झाला, आता अजून काय पाहिजे?

आता तो पहिल्या लढतीतला बदू जॅक आठवा. 13–2 नं हरलेला. त्याचं काय झालं? तो 2009 मध्येच प्रोफेशनल झाला. आणि एप्रिल 2015 मध्ये सुपर मिडलवेट गटात डब्ल्यूबीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला! ज्याला विजेंदरनं आठ मिनिटांत सहज हरवलं, तो जगज्जेता. आणि विजेंदर तेव्हा कुठं होता? अजून अमॅच्युअरच.

याचा अर्थ विजेंदर मूर्ख होता असा नाही. दोघांच्या देशांचा हिशोब वेगळा होता. आपल्याकडं मेडल आणलं की नोकरी, बक्षीस, मान हे सगळं मिळतं. मग ते सोडून परक्या देशात चार-चार राउंडच्या छोट्या लढतींपासून कोण सुरुवात करेल? याआधी 1990 च्या दशकात धर्मेंद्र यादव, व्यंकटेशन देवराजन असे काही चांगले भारतीय बॉक्सर प्रो झाले होते, पण ती वाट पुढे रुळली नाही.

खरं सांगायचं तर आपला 'हौशी' खेळाडू हौशी नसतोच, तो सरकारी पगारावरचा खेळाडू असतो. आणि प्रोफेशनल म्हणजे उलट, ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार येत नाही तो.

तिशीला 19 दिवस बाकी

2012 च्या लंडन ऑलिम्पिकला विजेंदर क्वार्टर-फायनलला हरला. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय संघटनेनं भारताच्या बॉक्सिंग फेडरेशनला निलंबित केलं. खेळाडू चांगले, पण वरची खुर्ची रिकामी, अशी काही वर्षं गेली. 2014 ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थमध्ये त्याला पुन्हा सिल्व्हर मिळालं. वय वाढत होतं.

मग जून 2015 मध्ये लंडनमधून बातमी आली की विजेंदर प्रोफेशनल होतोय. करार कुणाशी? क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी. बघा, ते नाव परत आलं!

इकडे गोंधळ उडाला. पोलीस खात्यात असलेला माणूस पैसे घेऊन कसा काय खेळू शकतो? प्रकरण पंजाब-हरियाणा हायकोर्टापर्यंत गेलं. दुसरा आरोप असा की रिओ ऑलिम्पिक वर्षावर आलंय आणि हा देश सोडून पैशामागे चाललाय. कारण तेव्हाच्या नियमात असा प्रो झालेला बॉक्सर ऑलिम्पिकला मुकत होता. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, जून 2016 मध्ये, संघटनेनं नियम बदलला आणि प्रो बॉक्सरांना ऑलिम्पिकचं दार उघडलं. विजेंदर तोवर दुसऱ्या रस्त्यावर बराच पुढे गेला होता.

10 ऑक्टोबर 2015, मँचेस्टर. पहिली प्रो लढत, समोर सनी व्हाइटिंग. विजेंदरला तीस पूर्ण व्हायला 19 दिवस बाकी. तिसऱ्या राउंडला रेफरीनं लढत थांबवली, विजेंदर जिंकला.

पण मंडळी, खेळ सारखा दिसला तरी धंदा वेगळा होता. हेडगिअर नाही, बनियन नाही. गुण ठोशांच्या मोजणीवर नाही, तर राउंड कुणाचा झाला त्यावर : जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला साधारण 9. ठोसा नुसता लागून चालत नाही, समोरच्याला तो सोसावा लागला पाहिजे. आठ मिनिटं पळून गुण घेणाऱ्याला आता तीस मिनिटं उभं राहायचंय. बरगड्यांवर मार खायचा, मारायचा, आणि नवव्या राउंडसाठी श्वास राखून ठेवायचा. मँचेस्टरमध्ये कोच ली बिअर्ड यांच्याकडे त्यानं हेच नव्यानं शिकायला घेतलं. ऑलिम्पिक मेडलवाला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गात!

आणि धंद्याचंही वेगळं गणित असतं. स्पर्धेचा ड्रॉ नसतो. समोर कोण येणार ते प्रमोटर ठरवतो. सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी देतात, म्हणजे रेकॉर्ड तयार होतो. रेकॉर्ड झाला की तिकिटं खपतात, टीव्हीवाले येतात. आपल्या दंगलीतही शेवटची मोठी कुस्ती कुणाची लावायची यावर गर्दी ठरते ना, तेच.

मँचेस्टर, डब्लिन, पुन्हा मँचेस्टर, लिव्हरपूल, हॅरो, बोल्टन. सात महिन्यांत सहा लढती. सगळ्या जिंकला, एकही शेवटच्या राउंडपर्यंत गेली नाही.

दिल्ली, वरळी आणि मांडवी

16 जुलै 2016 ला तो दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये उतरला. समोर केरी होप, युरोपचा माजी चॅम्पियन. दहा राउंड ठरले होते आणि दहाही झाले. तिन्ही जजांनी विजेंदरच्या बाजूनं कौल दिला, आणि डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक हा पट्टा त्याला मिळाला. लोक तेव्हा 'वर्ल्ड चॅम्पियन' म्हणत नाचले, पण नीट समजून घ्या. हा आशिया-पॅसिफिक विभागाचा पट्टा होता, जगज्जेतेपदाचा नव्हे.

मग आपल्या मुंबईत, 5 ऑगस्ट 2017, वरळीचा एनएससीआय डोम. समोर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. हे दिवस डोकलामच्या तणावाचे होते, त्यामुळे बॉक्सिंगपेक्षा भारत-चीनचीच चर्चा जास्त. दहा राउंडनंतर एका जजनं 96–93 दिलं, दोघांनी 95–94. म्हणजे अगदी काठावर जिंकला. लढत संपल्यावर विजेंदर म्हणाला की सीमेवर तणाव नको, हा पट्टा मी झुल्पिकारला परत देतो. बाहेर सगळे लढाईच्या भाषेत बोलत होते आणि रिंगमध्ये खरोखर मार खाल्लेला माणूस शांततेचं बोलत होता.

त्याच रात्री त्याच डोममध्ये आणखी दोघांनी आपली पहिली प्रो लढत खेळली आणि जिंकली. बीजिंगला विजेंदरसोबत गेलेले भिवानीचे अखिल कुमार आणि जितेंदर कुमार. अखिल तेव्हा 36 वर्षांचा होता. या वयात बहुतेक बॉक्सर हातमोजे खुंटीला टांगतात, हा नवा धंदा सुरू करत होता! भारतात प्रोचं दार किती उशिरा उघडलं, हे या एका आकड्यावरून कळतं.

त्यानंतर जयपूर, अमेरिकेतलं नेवार्क, दुबई. बारा लढती, बारा विजय. पण वर्ल्ड टायटलची लढत काही आली नाही. मग कोरोना. सोळा महिने रिकामे गेले.

19 मार्च 2021, पणजी. मांडवी नदीत उभ्या असलेल्या कसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर रिंग बांधली होती. समोर रशियाचा आर्टिश लोप्सान, विजेंदरपेक्षा उंच आणि वयानं बराच लहान. पाचव्या राउंडला लढत थांबली आणि विजेंदर पहिल्यांदा हरला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रायपूरला त्यानं घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्या राउंडला पाडलं. 14 लढती, 13 विजय, 1 हार. असा हा हिशोब.

आणि नोकरीचं काय झालं?

आपल्या पोराचा मूळ प्रश्न हाच आहे ना? ऐका. 2015 ला इतका गाजावाजा झाला, पण विजेंदरनं पोलीस खात्याचा राजीनामा कधी दिला? 2019 मध्ये. तोही बॉक्सिंगसाठी नाही, तर दक्षिण दिल्लीतून लोकसभा लढवायला. ती निवडणूक तो हरला. म्हणजे प्रो कारकिर्दीची पहिली दहा पावलं टाकताना त्याच्या पाठीशी मेडलनं मिळवलेली नोकरी होती, आणि नाव होतं. ज्याला आपण 'सगळं सोडून उडी मारली' म्हणतो, त्या उडीखाली जाळं होतं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट शिकण्यासारखं आहे.

आता आपल्या जिल्ह्यात या. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. लाल मातीतून निघाला, पुण्याला तालमीत राबला, आणि 2014, 2015, 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तीन गदा! त्यावर त्याला राज्य पोलिसात डीवायएसपीची नोकरी मिळाली. वर्दी अंगावर आल्यावरही त्यानं लंगोट सोडला नाही. 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत त्यानं सोनं आणलं. हा विजय आणि तो विजेंदर, दोघंही एकाच हुद्द्यावर पोचले. एक तिथं राहून खेळला. दुसरा तिथून निघून पुढचं दार ठोठावत राहिला. दोघांनाही आधी ती गदा किंवा ते मेडल मिळवावंच लागलं.

तर भो, तुझ्या प्रश्नाचं माझ्या परीनं उत्तर असं. 'भरती की प्रो' हा 19 व्या वर्षीचा प्रश्न नाहीच. दोन्हीचा रस्ता पहिली काही वर्षं एकच आहे : जिल्हा, विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याची प्रमाणपत्रं नीट सांभाळ. घरचे सांगतात ते भित्रेपणातून नाही. खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर आणि महिपाल सिंगांची जादा ड्युटी, या दोन्हीतून त्यांना कळलेलं शहाणपण आहे ते.

पण मित्रांचंही सगळंच खोटं नाही. ठोसा खाण्याची ताकद विशीत असते. बदू जॅक मेडलशिवाय लवकर निघाला आणि जगज्जेता झाला. विजेंदर मेडल घेऊन उशिरा निघाला आणि विभागीय पट्ट्यापर्यंत पोचला. नोकरीनं त्याला आधार दिला, आणि वर्षंही घेतली. दोन्ही खरं आहे. कुठलं मोल तुला परवडतं, ते तू, तुझे कोच आणि तुझे आई-बाप बसून ठरवा. हौसेला मोल नसतं असं मात्र कुणी म्हणालं, तर त्याला खाशाबांची गोष्ट सांग.

आणि हो, रिंगमध्ये सराव करताना हेडगिअर घाल. प्रो झाल्यावर काढायला वेळ आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात कुणी नोकरी सांभाळून खेळणारा, किंवा खेळासाठी नोकरी सोडलेला असेल, तर त्याची गोष्ट कळवा. पुढच्या भागात भेटू. राम राम!